मापात पाप

तालुक्याच्या न्यायालयात बसणाऱ्या दिवाणी न्यायाधीशालाही आपल्या कामाचा हिशेब वर पाठवावा लागतो, हे तारखेला आलेल्या पक्षकाराला सहसा ठाऊक नसते. हा हिशेब युनिटांत मांडला जातो. त्याचे कोष्टक ज्या त्या उच्च न्यायालयाने ठरवून दिलेले असते. साक्षीपुरावा होऊन निकाली निघालेल्या दाव्याला अमुक युनिटे, तडजोडीने मिटलेल्याला तमुक, फौजदारी खटल्याला आणखी वेगळी. नेमलेल्या मुदतीत नेमलेली युनिटे भरली की काम समाधानकारक, जास्त भरली की चांगले, त्याहून जास्त भरली की उत्तम. शिवाय वर्षाचा गोपनीय अहवाल असतो. तो जिल्ह्यातले वरिष्ठ न्यायाधीश लिहितात आणि शेवटचा शब्द उच्च न्यायालयाचा असतो, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ने जिल्हा व तालुका न्यायालयांवरचे नियंत्रण त्याच्याकडे दिले आहे. बढती, वयाच्या पन्नाशीनंतर होणारा सक्तीच्या निवृत्तीचा विचार, सगळे या कागदांवर बेतलेले. कुठल्याही सरकारी खात्यात असेच चालते, मग इथे वेगळे काय, असे कोणी विचारील. वेगळे हे की, दुसऱ्याच्या वागण्याचे बरेवाईट ठरवणे हेच ज्याचे काम, त्याच्या कामाचे बरेवाईट कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न मुळात धर्मविचाराचा आहे. प्रशासनाच्या कोष्टकाने त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकले आहे, इतकेच.

पूल टिकला की पडला यावरून अभियंत्याचे काम कळते. पीक, रोगी, यंत्र यांच्या बाबतीतही कामाबाहेर एक निकाल असतो आणि तो कर्त्याच्या मताची पर्वा करीत नाही. न्यायदानाला असा बाहेरचा निकाल नाही. अमुक जमीन कोणाची, अमुक माणसाने खून केला की नाही, याचे पक्के उत्तर दुसरीकडे कुठे ठेवलेले असते, तर न्यायाधीशाची गरजच उरली नसती. अपिलात निकाल फिरतो तेव्हाही एका न्यायाधीशाचे मत दुसऱ्याने बाजूला सारलेले असते आणि ही साखळी सर्वोच्च न्यायालयापाशी थांबते ती कुठेतरी थांबायला हवी म्हणून. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९५३ साली हे मोकळेपणाने सांगितले होते: आमचा शब्द शेवटचा आहे तो आम्ही अचूक आहोत म्हणून नव्हे, तो शेवटचा आहे म्हणूनच आम्ही अचूक ठरतो. यातून काहीजण असा अर्थ काढतात की न्यायाधीशाचे माप घेताच येत नाही, त्याला त्याच्या विवेकावर सोडावे. बाकीचे म्हणतात, जे मोजता येते ते तरी मोजा. मला दोन्ही मार्ग चुकीचे वाटतात. माप घ्यायलाच हवे, पण त्याआधी त्या मापालाच एका कसोटीवर उतरवायला हवे, आणि ती कसोटी आपल्याकडे फार जुनी आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सुरुवातीलाच सांगितले आहे की, सभासदांनी, म्हणजे न्यायसभेत बसणाऱ्यांनी, आसक्तीने, लोभाने किंवा भयाने शास्त्राविरुद्ध निर्णय दिला, तर वादात हरणाऱ्याला होणाऱ्या दंडाच्या दुप्पट दंड प्रत्येकाला वेगवेगळा करावा. चालुक्य विक्रमादित्याच्या काळात कल्याणीला बसून विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. त्याने इथे एक महत्त्वाची मेख मारली आहे. तो म्हणतो, ही तीनच कारणे नावाने सांगितली ती मुद्दाम. हा दुप्पट दंड त्या तिघांनाच लागू, अज्ञान किंवा मोह यांमुळे झालेल्या चुकीला नाही. चुकलेला न्यायाधीश आणि भ्रष्ट झालेला न्यायाधीश यांच्यात त्याने रेघ ओढली, आणि ती निकालावरून न ओढता निकालामागच्या प्रेरणेवरून ओढली. कौटिल्य दुसऱ्या बाजूने तिथेच येतो. ‘अर्थशास्त्रा’च्या चौथ्या अधिकरणात धर्मस्थाच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या, दोषांची यादी आहे. पक्षकाराला धमकावणे, हाकलून देणे, गप्प बसवणे. विचारायचे ते न विचारणे आणि विचारू नये ते विचारणे. साक्षीदाराला उत्तर सुचवणे. विनाकारण वेळ काढून पक्षकाराला दमवणे आणि त्याने दमून निघून जावे अशी वेळ आणणे. निकाल लागलेले प्रकरण पुन्हा उकरणे. या यादीत किती खटले निकाली काढले याचा हिशेब नाही. ती सगळी यादी सभेत घडणाऱ्या, चारचौघांना दिसणाऱ्या वर्तनाची आहे.

इथे एक आक्षेप येणार आणि तो यायलाच हवा. ज्या स्मृतींनी एकाच गुन्ह्याचा दंड वर्ण पाहून बदलला, त्यांच्याकडून न्यायाधीशाची कसोटी शिकायची? महाडला १९२७ साली मनुस्मृतीचे दहन झाले ते याच अन्यायासाठी, आणि त्या ग्रंथांना आज प्रमाण मानावे असे मला सुचवायचे नाही. प्रमाण आणि निदान यांत मात्र फरक आहे. समाज कसा असावा याबद्दल हे लेखक आंधळे होते. न्यायासनावर बसलेला माणूस कशाने वाकतो हे त्यांना नेमके दिसले होते. आसक्ती, लोभ, भय ही त्यांनी सांगितलेली तीन कारणे आजच्या कोणत्याही न्यायालयात जशीच्या तशी ओळखू येतील. माझे म्हणणे त्या निदानावर उभे आहे: न्यायाधीशाच्या कामाचे कोणतेही माप आधी या प्रश्नाला उतरले पाहिजे की, ते मापच त्याच्या आसनापाशी या तिघांपैकी कोणाला आणून बसवते का. आपली आजची तिन्ही रूढ मापे इथे नापास होतात, आणि प्रत्येक माप एकेका दोषाला घरात घेते.

पहिले माप संख्येचे, आणि ते लोभ आणते. इथे लोभ लाचेचा नाही, युनिटांचा आहे, पण न्यायाला वाकवायला तोही पुरतो. ज्याच्या बढतीचा आकडा निकाली प्रकरणांवर ठरतो, तो माणूस बिनविरोध दावा पुढे घेईल आणि सात वारस, तीन नकाशे, चाळीस दस्त असलेला वाटपाचा दावा मागे ठेवील. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कोष्टकाने त्याला हेच शिकवले. मग जुनी प्रकरणे तुंबतात, तेव्हा उपाय म्हणून दुसरी संख्या येते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक न्यायालयाला दर तीन महिन्यांत सर्वांत जुनी २५ प्रकरणे निकाली काढायला सांगितले. त्यावरून मार्च २०२३मध्ये तिथल्या वकिलांनी काम बंद ठेवले. आम्हाला पुरावा मांडायला वेळच मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्याच राज्यात त्याच वर्षी परिविक्षेवरच्या सहा महिला दिवाणी न्यायाधीशांना सेवेतून कमी करण्यात आले. कामगिरी अपेक्षेइतकी नाही, हे कारण. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, चौघींना उच्च न्यायालयाने पुढे परत घेतले आणि उरलेल्या दोघींची बडतर्फी २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यातल्या एकीचा त्या काळात गर्भपात झाला होता, भावाला कर्करोग झाला होता. निकाली प्रकरणांच्या रकान्यात यातले काही मावत नव्हते. सुनावणीत न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी विचारले होते, आम्हीही हे प्रकरण सविस्तर ऐकतो आहोत, मग आम्हालाही संथ म्हणायचे का? प्रश्न संतापाने विचारला गेला असला, तरी त्यात तत्त्व आहे. सविस्तर ऐकणे हेच न्यायाधीशाचे काम असेल, तर ऐकण्यात गेलेला वेळ तोट्याच्या बाजूला लिहिणारी वही मुळात चुकीची आहे.

यावर सर्वांत वजनदार उत्तर आकड्यांतूनच येते. देशात पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. न्यायाला उशीर होणे हाही अन्याय, आणि संख्या पाहिली नाही तर आळशी न्यायाधीशाला मोकळे रान मिळेल. यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. दावा लावणारा वारला आणि दावा मुलाने चालवला, असे आपल्याकडे नवल राहिलेले नाही. पण उशिराचे ओझे एकट्या न्यायाधीशाच्या वहीत का टाकायचे? न्यायसभेत घडलेल्या अधर्माचे मनुस्मृतीने चार वाटे केले आहेत: पाव करणाऱ्याला, पाव साक्षीदाराला, पाव सभासदांना आणि पाव राजाला. राजाचा वाटा आज कोण उचलतो? विधी आयोगाने १९८७ साली आपल्या १२०व्या अहवालात दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत असे सुचवले, २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला, आणि आज हे प्रमाण २१च्या आसपास रेंगाळते आहे. त्यातही मंजूर पदे रिकामी राहतात. सरकार हा देशातला सर्वांत मोठा पक्षकार. हरणार हे ठाऊक असतानाही अपील करायची सवय त्याला सुटलेली नाही. तेव्हा संख्या जरूर मोजा, पण ती न्यायालयाची मोजा: कोणत्या तालुक्यात किती प्रकरणे दाखल होतात, किती न्यायाधीश, किती लघुलेखक, समन्स बजावायला किती बेलिफ लागतील. नियोजनासाठी हा आकडा अमोल आहे. तोच एका माणसाच्या कपाळावर चिकटवला की राजाचा वाटा हळूच सभासदाच्या नावे पडतो. आळशी न्यायाधीश उरतोच, पण त्याला पकडायची जागा वेगळी आहे. ती पुढे येईल.

दुसरे माप निकाल वरच्या न्यायालयात टिकला की नाही याचे, आणि ते भय आणते. वरवर हे माप फार वाजवी वाटते. विद्वत्तेची परीक्षा वाटते. त्याची खरी परीक्षा १९७६ साली झाली. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल, असे नऊ उच्च न्यायालयांनी ठरवले होते. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. जबलपूरच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सारे निर्णय चार विरुद्ध एक मतांनी उलटवले. टिकण्याच्या मापाने नऊही उच्च न्यायालये नापास. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले आणि १९७७च्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केले गेले. बहुमतातल्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते; तो निकाल चूक होता, हे २०१७ साली खासगीपणाच्या खटल्यात लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड त्यांचेच चिरंजीव. म्हणजे उलटलेला निकाल बरोबर होता, हे अधिकृतपणे कळायला एक्केचाळीस वर्षे लागली. कोणता गोपनीय अहवाल इतका थांबतो? आणि हे फक्त मोठ्या खटल्यांचे नाही. जामीन दिला म्हणून न्यायाधीशावर चौकशी लावल्याची प्रकरणे वारंवार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. २०१९ साली बिहारच्या एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्या न्यायालयाने बजावले की, गैरहेतू किंवा बाह्य प्रभाव यांचा पुरावा नसेल, तर केवळ आदेश चुकला म्हणून शिस्तभंगाची कारवाई करू नये. विज्ञानेश्वराने ओढलेलीच ही रेघ. ती पुन्हा पुन्हा ओढावी लागते, कारण जामीन नाकारणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही आणि देणाऱ्याला विचारतात. जिल्हा न्यायालयातले न्यायाधीश आपल्याकडे बोट दाखवले जाईल या धास्तीने जामीन द्यायला कचरतात, असे सरन्यायाधीशपदी असताना धनंजय चंद्रचूड यांनीही जाहीरपणे म्हटले होते. त्या धास्तीची किंमत जो कच्चा कैदी तुरुंगात मोजतो, त्याचे नाव कोणत्याच अहवालात येत नाही.

तिसरे माप वरिष्ठाच्या शेऱ्याचे, आणि ते आसक्ती आणते. ज्याची लेखणी माझी बढती लिहिणार, त्याच्या आवडीनिवडी मला पाठ होतात. त्याचा कल माझ्या निकालात उतरू लागतो. १९८८ साली पंजाब-हरियाणाच्या एका न्यायाधीशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना आठवण दिली होती की, अनुच्छेद २३५चे नियंत्रण म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशांना मार्गदर्शन आणि संरक्षण देण्याचे कर्तव्यही आहे. क्षुल्लक तक्रारींवरून त्यांच्यामागे चौकशा लागल्या तर ते निर्भयपणे काम करू शकणार नाहीत. पुढे २००८ साली एका सरकारी अभियंत्याच्या दाव्यात गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद संबंधिताला कळवलीच पाहिजे, असेही त्याने सांगितले. पण इथेच संख्येचे समर्थक आपले सर्वांत चांगले म्हणणे मांडतात. शेरा मर्जीचा असतो, ते म्हणतात. आकडा कोणाची मर्जी पाहत नाही. ज्याचे वरिष्ठांशी पटत नाही, ज्याची जात किंवा भाषा वेगळी आहे, त्या न्यायाधीशाला युनिटांचाच काय तो आधार. हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. मात्र मारहाणीच्या खटल्याला किती युनिटे आणि वारसा-दाखल्याला किती, हे कोणीतरी आपल्या मतानेच ठरवले. मर्जी कोष्टकात गेली म्हणून नाहीशी झाली नाही, फक्त दिसेनाशी झाली. मर्जीवरचा इलाज आकडा नसून कारणमीमांसा आहे: शेरा देणाऱ्याने कशाच्या आधारे दिला ते लिहावे, एकट्याने देऊ नये आणि ज्याच्याबद्दल दिला त्याला उत्तर देता यावे. न्यायाधीशाकडून आपण रोज जे मागतो, तेच त्याच्या परीक्षकाकडून मागायचे.

आता कशाचे माप घ्यावे हे सांगणे भाग आहे, आणि त्यासाठी नवे काही शोधायला नको. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रकरणाच्या फाइलीत रोजनामा असतो. त्या तारखेला कोण हजर होते, कोणी मुदत मागितली, कोणत्या कारणाने दिली, साक्षीदार आला असता त्याची साक्ष झाली की तो परत गेला, हे त्यात तारीखवार लिहिलेले असते. न्यायाधीशाच्या वर्षभरातल्या फाइलींतून वीसेक फाइली चिठ्ठी टाकून काढा आणि रोजनामे वाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असे सांगतो. इथे सातवी तहकुबी कोणत्या कारणासाठी दिली? खेड्यातून एसटीने आलेला साक्षीदार तीन वेळा तसाच परत गेला का? युक्तिवाद संपल्यावर निकाल किती दिवसांनी लागला? आळशी न्यायाधीश इथे सापडतो, आणि कौटिल्याच्या यादीतला पक्षकाराला दमवणाराही इथेच सापडतो. मग निकालपत्र घ्या आणि ते हरलेल्या पक्षाच्या बाजूने वाचा. त्याचा मुख्य मुद्दा निकालात आला आहे का? त्याच्या साक्षीदारावर विश्वास का ठेवला नाही, याचे कारण दिले आहे का, की ‘पुराव्यावरून सिद्ध होत नाही’ या एका ओळीत त्याची बोळवण केली? निकाल बरोबर की चूक हे परीक्षकाने विचारायचेच नाही. ते अपिलाचे काम. हरणाऱ्याचे ऐकून घेतले की नाही, एवढेच विचारायचे. या मापाने लोभ वाढत नाही, कारण सोपे प्रकरण पुढे ओढून काही मिळत नाही. भय वाढत नाही, कारण निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी गुण तेच राहतात. वरिष्ठाचा कल ओळखूनही फायदा नाही, कारण पुरावा फाइलीत आहे आणि तो कोणालाही वाचता येतो.

असे माप इतरत्र घेऊन पाहिलेले आहे. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात १९७०च्या दशकापासून न्यायाधीशांबद्दल वकील, पोलीस, ज्यूरीत बसलेले नागरिक यांना विचारले जाते आणि उत्तरे प्रसिद्ध होतात. प्रश्न सचोटी, निःपक्षपात, वागणूक यांबद्दल असतात. पण तिथे पुढे मतदान असते, आणि त्यातला धोका आयोवा राज्यात दिसला. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २००९च्या निकालानंतर पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींना मतदारांनी घरी पाठवले. वर्तन मोजायला बसलेल्यांनी शेवटी निकालच मोजला. म्हणून विचारणे सर्वांना हवे, ठरवणे मात्र जमावाच्या हाती नको. कोणी असेही म्हणेल की, वर्तन मोजू लागलात की वर्तनाचे नाटक सुरू होईल. न्यायाधीश हरणाऱ्याचा मुद्दा निकालात लिहील, मनात घेणार नाही. होईल तसे. पण एखाद्याचे म्हणणे नीट लिहून त्याला कारणासह उत्तर देण्याचे नाटक वर्षानुवर्षे करायचे, तर ते म्हणणे वाचावेच लागते. युनिटांचे नाटक मात्र फाइल न वाचताही साधते. मन कोणालाच मोजता येत नाही, आणि फळ कर्त्याच्या हाती नाही हे तर गीतेने आपल्या अंगवळणी पाडलेले आहे. मन आणि फळ वगळले की उरते ते कर्म करण्याची रीत. माणसाला दुसऱ्या माणसाचे माप घ्यायचे तर तेवढ्याचेच घेता येते.

मराठी मनाला मात्र न्यायाधीशाचे माप एका प्रसंगावर घ्यायला आवडते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३च्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवून पद सोडणारे रामशास्त्री प्रभुणे हा आपला गज. तो प्रसंग थोरच होता. पण असा प्रसंग शेकडो न्यायाधीशांच्या वाट्याला जन्मात येत नाही, आणि स्वतः रामशास्त्र्यांची बहुतेक वर्षे वतने, वारसा आणि देणीघेणी यांचे वाद ऐकण्यातच गेली असणार. सत्तेपुढे न वाकणे ही न्यायाधीशाची मोठी परीक्षा खरी. रोजची परीक्षा म्हणजे समोर उभ्या असलेल्या अडाणी, चिडलेल्या, तेच तेच सांगणाऱ्या माणसाचे, स्वतःला कंटाळा आला तरी, पुरते ऐकून घेणे. पहिलीचे पोवाडे होतात. दुसरीसाठी रोजनामा वाचावा लागतो.

हे माप एकदा मान्य केले की ते खालीच थांबवता येत नाही. तालुक्याच्या न्यायाधीशाच्या अहवालावर शेवटचा शब्द लिहिणाऱ्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा स्वतःचा अहवाल कोणी लिहीत नाही. त्यांना पदावरून दूर करण्याचा एकच मार्ग घटनेत आहे, संसदेतल्या ठरावाचा, आणि तो इतका अवघड आहे की १९९३ साली चौकशीत दोषारोप सिद्ध ठरूनही न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा ठराव लोकसभेत पडला. स्वातंत्र्यासाठी ही अडचण ठेवली, ते योग्यच झाले. पण काढता न येणे आणि मापच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटणा उच्च न्यायालयात एका फौजदारी अपिलाचा निकाल युक्तिवाद संपल्यावर जवळपास दोन वर्षे राखून ठेवला गेला, तेव्हा २००१ साली सर्वोच्च न्यायालयाला राखीव निकालांसाठी मुदती घालून द्याव्या लागल्या. त्या पाळल्या जातात का, हे सांगणारा तक्ता प्रत्येक न्यायमूर्तीच्या नावासमोर जाहीर करायला घटनादुरुस्ती लागत नाही, सरकारची परवानगीही लागत नाही. पदाला धक्का लावायचा नाही, फक्त वर्तन उघड ठेवायचे. ज्यांच्या हाती कोष्टके करणे आहे त्यांनी हे आधी स्वतःपासून सुरू केले, तर खालच्या न्यायाधीशाला आपले माप शिक्षा वाटणार नाही, आणि परीक्षकाच्या शेऱ्यालाही तो अधिकार येईल जो आज केवळ हुद्द्यातून येतो.